खाडीपाशी रस्ता संपतो

समुद्रकाठच्या सफरीला निघालेला माणूस पुण्याहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागला, म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड झाला आहे असे समजायला हरकत नाही. आमच्या घरच्या मंडळींनी तसे समजून घेतलेच. फटफटीवर बसून एकट्याने चार दिवस कोकणकिनारा हिंडायचा, हा बेतच मुळी कोणाला पसंत नव्हता. त्यातून समुद्र गाठायला शहाणी माणसे ताम्हिणीने उतरतात, आणि हा गृहस्थ तोरण्याच्या पायथ्याला चालला! पण मला कोकण पाहायचे होते ते वरून खाली, जिथून पाणी खाली पडते तिथून, आणि त्यासाठी पासलीला जाणे भाग होते.

पासली हे गाव वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या वाटेवर आहे. नकाशात ते सापडायला जरा डोळे ताणावे लागतात. मार्गशीर्षातली सकाळ होती. भात कापून झाले होते, खाचरांत नुसते खुंट उभे होते आणि खळ्यावर झोडपणी चालली होती. पुण्याच्या बाजारात आपण इंद्रायणीचा घमघमाट घेत किलोचा भाव विचारतो, तो तांदूळ इथे एवढ्याएवढ्या वाफ्यांतून, उतारावर बांध घालघालून काढलेला असतो. पावसाळ्यात या मुलुखावर इतका पाऊस कोसळतो की माणसांनाच काय, गुरांनाही ऊन विसरायला होते.

आणि एवढे सगळे पाणी जाते कुठे? पासलीचे पाणी नीरेला जाते. नीरा नरसिंहपुरापाशी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलादीवीपाशी बंगालच्या उपसागराला. म्हणजे पासलीच्या कौलावर पडलेला थेंब अख्खे द्वीपकल्प ओलांडून पलीकडच्या समुद्राला भेटतो. केळदच्या पुढे मढे घाटाचा कडा आहे. त्या कड्यावरून जे पाणी खाली उडी घेते ते मात्र बिरवाडीच्या अंगाने सावित्रीला मिळून बाणकोटला अरबी समुद्रात जाते. ढग एकच, पाऊस एकच. पण थेंब धारेच्या या बाजूला पडला की त्या, एवढ्यावर त्याचे नशीब ठरते. या कड्यावर उभे राहून मी खाली पाहिले. समुद्र काही दिसला नाही, दिसले ते धुक्यात बुडालेले कोकण आणि त्यातून वर येणारा धूर. कोणाच्या तरी चुलीवर भाकरी चालली होती आणि मी तिच्या डोक्यावर जवळजवळ अडीच हजार फूट उभा होतो.

पासलीत एका घराच्या पडवीत चहा झाला. पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याने फटफटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न टाकला, "येकटाच का रं बाबा?" हा प्रश्न पुढे चार दिवस माझी पाठ सोडणार नव्हता. समुद्राकडे निघालो म्हणताच तो हसला. म्हणाला, "आमच्या आज्याच्या वक्ताला सारी मानसं खाली जायची. बैलाच्या पाठीवर तांदूळ घालायचा, अन् येताना मीठ आनायचं. वरचं समदं घरात पिकायचं, मीठ तेवढं खालचं."

हे वाक्य मला फार आवडले. घाटांचा सगळा इतिहास त्यात आला. देशावरून धान्य आणि गूळ उतरायचा, कोकणातून मीठ, सुकी मासळी आणि नारळ चढायचे, आणि या देवघेवीसाठी सह्याद्रीच्या भिंतीला जिथे जिथे फट सापडली तिथे तिथे माणसांनी आणि बैलांनी वाट पाडली. मढे घाट ही त्यांतलीच एक. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, तेव्हा त्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला आणि तेव्हापासून घाटाला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. आज त्या वाटेने हौशी तरुण पाठीवर पिशव्या लावून शनिवार-रविवारी उतरतात. घाटातून गाडीरस्ता व्हावा ही मागणी जुनी आहे. म्हातारा त्याविषयी फारसे बोलला नाही. "व्हईल तवा व्हईल," म्हणाला. एवढेच म्हणाला की त्याची धाकटी बहीण खाली दिली होती. पूर्वी सकाळी निघून दिवसाउजेडी तिच्या दारात जायचा. आता पाय चालत नाहीत आणि गाडीने जायचे तर सगळा मुलूख पालथा घालावा लागतो.

ते खरेच होते, कारण आता मलाही तेच करायचे होते. वेल्हे, नसरापूर, कापूरव्होळ, भोर आणि मग वरंधा घाट. कड्यावरून जी बिरवाडी पायांखाली होती, तिच्यापर्यंत पोचायला शंभराहून अधिक किलोमीटर. पूर्वीच्या मीठवाल्याने हा हिशेब ऐकला असता तर माझ्या फटफटीला हसला असता.

भोर मागे पडले की नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेने रस्ता वळणे घेत जातो. घाटाच्या माथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे आणि देवळाशेजारी भज्यांच्या टपऱ्या. वाघजाईला नमस्कार न करता कोणी गाडीवाला घाट उतरत नाही, आणि भजी न खाताही. दोन्हींचे पुण्य सारखेच असावे. समोर दरी पसरलेली होती, हिरवीगार आणि निवांत. या दरीच्या एका कुशीत तळिये गाव होते. २०२१ च्या २२ जुलैला संध्याकाळी डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे घरांसकट गाडली गेली. टपरीवाल्याने हात करून दिशा दाखवली आणि पुन्हा कढईकडे वळला. पावसाळ्यात हा घाट अनेकदा बंद ठेवतात, आणि एकदा तळियेची दिशा पाहिली की त्याबद्दल कुरकूर करायची इच्छा राहत नाही.

महाडला येताच सावित्री आडवी येते. २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री, पुराच्या लोंढ्यात, मुंबई-गोवा रस्त्यावरचा इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल इथे कोसळला आणि अंधारात येणाऱ्या दोन एस.टी. गाड्या थेट नदीत गेल्या. एक राजापूरची होती आणि एक जयगडची. नवा पूल सहा महिन्यांच्या आत बांधून २०१७ च्या जूनमध्ये खुलाही झाला. म्हणजे मनावर घेतले तर सरकारला पूल बांधता येतो. हे ध्यानात ठेवा, कारण याच सावित्रीच्या मुखाशी आपल्याला थोड्याच वेळात जायचे आहे.

गोरेगाव, म्हसळे आणि मग श्रीवर्धन. सुपारीच्या बागांतून जाताना अंगावर एकदम गारवा येतो आणि वाऱ्याला खारट चव येते. फटफटीवर बसणाऱ्याला समुद्र आधी जिभेवर कळतो, मग कानाला आणि सरतेशेवटी डोळ्यांना. मोटारीच्या काचेआड बसणाऱ्या मंडळींना हे भाग्य नाही. पेशव्यांचे मूळ गाव हे. बाळाजी विश्वनाथ इथले भट देशमुख, इथून वर घाट चढून गेले आणि पुढे त्यांच्या घराण्याने सारा हिंदुस्थान हलवला. मिठासारखीच माणसेही खालून वर जात होती, एवढाच त्याचा अर्थ.

हरिहरेश्वरला मुक्काम केला. काळभैरवाच्या देवळामागून डोंगराला प्रदक्षिणेची वाट आहे, ती ओहोटीलाच करायची. भरतीच्या वेळी तिथे हौस दाखवणारे परत येत नाहीत. खडकांना लाटांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. खानावळीतल्या बाईंनी कुळथाचे पिठले आणि सोलकढी वाढता वाढता विचारले, "एकटेच आलात? घरची मंडळी बरी आहेत ना?" एकटा माणूस फिरायला निघतो तो घरात काहीतरी घडल्यामुळेच, अशी त्यांची खात्री असावी. मी सगळे क्षेमकुशल सांगितल्यावर त्यांनी समाधानाने आणखी एक भाकरी टाकली.

आता या किनाऱ्याची खरी गंमत सांगतो. नकाशावर पाहिले तर रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकाठाने सरळ एक रेघ मारावी असे वाटते. तशी रेघ मारायचे स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांनी पाहिले होते. सावित्रीकाठच्या आंबेतचे ते गृहस्थ, १९८० ते १९८२ मुख्यमंत्री. सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी महामार्ग, खाड्यांवर पूल. पण कोकणचा किनारा रेघेसारखा नाही, फणीसारखा आहे. सह्याद्रीतून निघालेली एकेक नदी दहावीस कोसांवर समुद्राला मिळते आणि मिळताना रुंद तोंड करून रस्ता गिळून टाकते. तुम्ही झोकात चाललेले असता, आणि एकाएकी रस्ता पाण्यात शिरतो. कठड्यापाशी दोनचार गाड्या, एक चहाची टपरी, जाळी विणणारा एखादा कोळी, आणि पलीकडे दिसणारा दुसरा रस्ता. मग तरीची वाट पाहायची.

बागमांडल्याला मी असाच थांबलो. ही सावित्रीची खाडी. पलीकडे वेशवी आणि बाणकोट. खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे होते. त्यांच्यावर समुद्रपक्षी बसले होते आणि ते या बांधकामावर पूर्ण समाधानी दिसले. वर महाडला सहा महिन्यांत पूल उभा करणारी हीच नदी आणि हेच राज्य. पण तिथून मुंबई-गोवा रस्ता जातो आणि इथून मंडणगड तालुक्यातली माणसे जातात.

फेरीबोट आली. पुढची लोखंडी फळी धाडकन उताराला टेकली, आणि पलीकडून आलेल्या रिक्षा, दुचाक्या, एक टेम्पो आणि लग्नाला निघालेले वऱ्हाड उतरले. मग आमची पाळी. ओल्या फळीवरून फटफटी चढवताना पोटात जरासा गोळा येतो. बोटीवरचा पोरगा हात हलवून "या, या, अजून या, बस्स!" करतो आणि समुद्रात पडायला हातभर जागा उरली की थांबवतो. त्याचा अंदाज कधी चुकत नाही.

या खाडीची एक गोष्ट सांगतात. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्हे मूल बाणकोटपाशी नाव बुडून गेली. सावित्रीचा उगम महाबळेश्वरी. तिथल्या ज्या कड्यावर बसून तो त्या खोऱ्याकडे पाहत असे, त्या कड्याला पुढे आर्थर सीट नाव पडले. आपण लहानपणी सहलीला जाऊन तिथे टोप्या खाली टाकल्या आणि त्या वाऱ्याने परत वर आल्या म्हणून टाळ्या पिटल्या. त्या कड्याखालचे पाणी इथे येते आणि ही गोष्टही इथलीच, हे मला फेरीबोटीवर उभा असताना आठवले. बाजूला एक बाई मांडीवरच्या मुलाला कावळे दाखवत होती. खाडी शांत होती.

वेळासला नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून जायचे ते जुने लोक. आजकालचे लोक कासवांसाठी जातात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्ले समुद्राकडे धावायचा हंगाम नव्हता, म्हणून मी पुढे निघालो. केळशीच्या खाडीला वळसा, आंजर्ले, आणि संध्याकाळी हर्णै.

हर्णैची संध्याकाळ चुकवू नये. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि वाळूवर मासळीचा लिलाव. बोटी खोल पाण्यात उभ्या राहतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी काठाला आणतात. बैल छातीएवढ्या पाण्यात उभे राहून लाटेकडे अशा नजरेने पाहत असतात, की जणू हीही एक नांगरणीच. कोळणींच्या लिलावाची भाषा माझ्या डोक्यावरून गेली. एकीने मात्र मला थांबवले, "एकटाच काय रे? मग एवढा पापलेट कशाला न्याहाळतोस?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

हर्णै, दाभोळ, जयगड ही नावे आमच्या मागच्या पिढीने शाळेत नव्हे, भाऊच्या धक्क्यावर पाठ केली. रस्ते नव्हते तेव्हा कोकणचा माणूस आगबोटीने घरी जाई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि ट्रंका, पोरेबाळे, गणपतीचे सामान सगळे पडावात उतरवून काठाला लागायचे. १९४७ च्या १७ जुलैला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून किती घरांत पावसाळ्यात बोटीचे नाव काढायची सोय राहिली नाही. पाण्यावरून घरी जाणे ही मौज नव्हती, नाइलाज होता. हे आम्हां फिरायला जाणाऱ्यांना सांगावे लागते.

दाभोळला पुन्हा रस्ता संपला. ही वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे. तरीची वाट पाहताना मला पासलीचे पाणी आठवले, त्याला कारण होते. कोयनेचे पाणी तसे कृष्णेचे, म्हणजे पूर्वेच्या समुद्राचे. पण माणसाने धरण बांधले, डोंगराच्या पोटातून बोगदे काढले, ते पाणी पोफळीला खाली सोडून त्याची वीज केली, आणि उरलेले पाणी वाशिष्ठीला दिले. वर्षाला सुमारे ६७ अब्ज घनफूट पाणी अशा रीतीने सह्याद्रीची धार उलटी ओलांडून माझ्यासमोरच्या या खाडीतून अरबी समुद्रात जाते. एवढ्या प्रचंड पाण्याचे नशीब बदलायला आपल्याला जमले. बहिणीच्या दाराशी जाणाऱ्या म्हाताऱ्याला वाट देणे मात्र अजून जमलेले नाही.

धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी असा दिवस गेला. या टापूतला रस्ता म्हणजे फटफटीवाल्याचा स्वर्ग आहे. लाल कातळ, मध्येच आंब्याची कलमे, वळण संपते तो उजव्या हाताला अख्खा समुद्र. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी खडकाच्या चिरेत घुसून माणसाच्या दुप्पट उंच उडते. मी तिथे अर्धा तास बसलो आणि पुरता भिजलो. याहून अधिक वर्णन करीत नाही. ज्याला हवे त्याने भरतीची वेळ विचारून जावे.

चौथ्या दिवशी पहाटे तवसाळला पोचलो. पुढे शास्त्री नदीची खाडी आणि पलीकडे जयगड. पहिली फेरी सुटायला वेळ होता. पाण्यावर धुके, पलीकडे दीपगृहाचा दिवा, आणि पूर्वेला नुकते फटफटत होते. मी फटफटी लावली आणि कठड्यावर जाऊन उभा राहिलो. कॅमेरा काढला. मागे एक मोटार येऊन थांबली. मागच्या बाकावर शाल गुंडाळलेली एक वृद्ध बाई डोळे मिटून पडली होती. तिचा मुलगा खाली उतरून घड्याळ पाहत येरझाऱ्या घालू लागला.

"एकटेच का?" त्याने विचारले. मग त्यानेच सांगितले. आईच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आहे. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला रत्नागिरीला न्यावे लागते. चार वाजता तिला उठवायचे, कारण पहिली फेरी चुकली की तिकडची पाळी चुकते. भातगावच्या पुलावरून जाता येते, पण तो वळसा आणि ते हिसके तिला सोसत नाहीत. परत येताना तिला ग्लानी असते, आणि शेवटची फेरी चुकली तर रात्र जयगडला काढायची.

मी म्हणालो, "इथे पूल व्हायचा म्हणतात."

"म्हणतात," तो म्हणाला. "झाला तर बरंच होईल. पाच वाजेपर्यंत झोपेल ती."

त्याने पुलाकडून मागितले ते एवढेच, आईची एक तासाची झोप. मला तरी आवडते. रस्ता संपावा, माणसाला सक्तीने थांबावे लागावे, परक्याशी दोन शब्द बोलावे लागावेत, पलीकडच्या काठाची ओढ लागावी, हे सगळे मला फार आवडते आणि पूल झाला की यातले काही उरणार नाही हेही मला कळते. चहाच्या टपऱ्या जातील. हात हलवून "बस्स!" म्हणणारा पोरगा दुसरे काम शोधील. पण माझी आवड वर्षातून चार दिवसांची आहे. ज्याला आठवड्यातून दोनदा या पाण्यापाशी घड्याळ पाहावे लागते, त्याने या पुलाचा निकाल द्यावा, मी देऊ नये. किनाऱ्याच्या सौंदर्यासाठी तरी राखा, असे लिहिणाऱ्या प्रवाशांच्या यादीत माझे नाव कोणी घालू नये, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

फळी उताराला टेकली. पोरग्याने आधी सगळ्या दुचाक्या हाताने थोपवून त्या मोटारीला आत घेतले आणि अगदी पुढे उभे केले, म्हणजे पलीकडे उतरताना ती पहिली उतरावी. कोणाला काही सांगावे लागले नाही. मी शेवटी चढलो. बोट मधोमध आली तेव्हा सूर्य वर आला. पाणी तांबूस झाले आणि खाडीवरच्या पक्ष्यांनी एकच गिल्ला केला. मोटारीतल्या बाईने डोळे उघडून काचेतून बाहेर पाहिले. मुलाने काच थोडी खाली केली.

जयगडला फळी पडताच मोटार चढण चढून गेली. मी फटफटीला लाथ मारली. पहिल्या लाथेला ती कधीच उठत नाही. तिसऱ्या लाथेला उठली, तोवर चढावरची धूळ खाली बसली होती. मालगुंडला, केशवसुतांच्या गावात, चहा मिळेल असे बोटीवरच्या पोराने सांगितले होते.